हाताला सोसेल इतकंच

लोटूने आधी स्वतःचा तळहात यंत्रापुढे धरला. दहापर्यंत आकडे मोजले. मग हात बाजूला घेतला आणि तीच हवा बायकोच्या पावलावर सोडली.

"कोमटच शे," तो म्हणाला. "तुले काही लागस का वं?"

"काहीच नही," सुभद्राबाई म्हणाली.

यंत्र दिसायला केस वाळवायच्या यंत्रासारखंच होतं, पण हेमराजसमोर तसं म्हणायची सोय नव्हती. हेमराज लोटूचा चुलतभाऊ. कडोदऱ्याच्या एका हॉलमधली सभा ऐकून आला आणि देव्हाऱ्यातली मूर्ती आणावी तसं ते यंत्र घेऊन दारात उभा राहिला. सभेत म्हणे पडद्यावर शरीरातल्या पेशी दाखवल्या. आधी राखाडी, मरगळलेल्या. मग यंत्रातून टेराहर्ट्झ नावाच्या लहरी निघाल्या आणि त्या पेशी गुलाबी होऊन टरारल्या. "वाईट पेशी मरते, चांगली जागी होते," हेमराज सांगायचा. "पथ्य एकच. साखरवाल्याचे पाय बधिर असतात, त्याच्या बोलण्यावर जायचं नाही. आधी आपला हात धरून बघायचा. हाताला सोसेल इतकंच गरम."

पथ्य पाळण्यात लोटू कुणाला हार जाणारा नव्हता.

सुभद्राबाईची साखर बारा वर्षांची जुनी. चप्पल लागून अंगठ्याला जखम झाली आणि ती चिघळली. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात जा, अंगठा गेला तरी पाय वाचेल. हे ऐकून तिने हंबरडाच फोडला. शेजारच्या केशरबाईचाही आधी अंगठाच गेला होता, आणि वर्ष सरायच्या आत गुडघ्याखाली काही उरलं नव्हतं. "मना पाय कापू देऊ नका," असं म्हणत तिने नवऱ्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

त्या हातांचा लोटूला भारी तोरा. उधन्याच्या डाईंग मिलमध्ये तीस वर्षं त्यांनी उकळत्या रंगातून निघालेलं वाफाळतं कापड ओढलं होतं. घरात सांडशी नावालाच होती, खिळ्याला लटकून गंजलेली. तापलेलं पातेलं तो हातानेच उतरवायचा, शेगडीतला निखारा बोटांत धरून बिडी पेटवायचा. नवी सून आली तेव्हा तिला मुद्दाम तव्यावर हात टेकवून दाखवला होता. "हात शेतस का सांडशी?" असं सुभद्राबाई चिडवायची, आणि हा गडी फुशारायचा.

त्याच हातांनी त्याने एकवीस दिवस बायकोची सेवा केली. पहिल्या दिवशी यंत्र वीतभर लांब धरलं, तर हाताला काही कळेचना. लहरी पोचत नसतील, असं वाटून त्याने ते चार बोटांवर आणलं. आठवड्याने दोन बोटांवर. दर वेळी आधी स्वतःचा हात, दहा आकडे, मग तिचं पाऊल. एकदाही चुकला नाही. पाऊल काळंनिळं पडलं, फोड आले, तेव्हा त्याने घाबरून हेमराजला फोन केला. "वाईट पेशी बाहेर पडतायत," हेमराज म्हणाला, "आता थांबवाल तर सगळं वाया."

बाविसाव्या दिवशी सुभद्राबाईला हुडहुडी भरली. खोलीत असा वास सुटला की सून नाकाला पदर लावून बाहेर गेली.

सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. प्रज्ञा त्यांचं नाव. उधन्यातल्या मराठी वस्तीतच वाढलेल्या, त्यामुळे मराठीतच बोलत होत्या. त्यांनी पाऊल खालून-वरून तपासलं.

"काका, ही नुसती साखरेची जखम नाही. पाऊल भाजलंय. पार हाडापर्यंत. आज दुपारीच गुडघ्याखाली कापावं लागेल."

"भाजेल कसं, मॅडम? टेराहर्ट्झच्या यंत्रातल्या लहरी होत्या त्या. पेशी जाग्या करणाऱ्या."

"तसल्या लहरी कातडीतल्या पाण्यातच जिरतात, खोल जात नाहीत. जिरल्या की मागे उरते ती धग. आणि तुमच्या यंत्रात तर तापलेल्या हवेशिवाय काही असेल असं मला वाटत नाही. पेशी जागी होत नाही, काका. शिजते."

 लोटूला रागच आला. सही करायचा कागद त्याने बाजूला सारला.

"मी अडाणी असेन, पण बेफिकीर नाही. रोज आधी माझा हात धरला. दहा आकडे मोजले. मला एकदासुद्धा चटका बसला नाही, मग तिला कसा बसला?"

बाईंनी त्याचे हात उलटे करून पाहिले. तळवे पिवळे, चकचकीत, जुन्या पांढऱ्या डागांनी भरलेले. त्यांनी ट्रेमधून सुई उचलली.

"डोळे मिटा. सुई टोचली की सांगा."

लोटूने डोळे मिटले आणि दोन्ही तळवे पुढे केले. त्याला जरा धीर आला. चला, कुणीतरी तपासून तर बघतंय. आता कळेलच यांना की चूक आपली नाही. तो वाट बघत राहिला. वर पंखा कुरकुरत होता. खाटेवर सुभद्राबाईच्या बांगड्या एकदम वाजल्या आणि थांबल्या.

"टोचा ना मॅडम," तो म्हणाला. "मी नाही घाबरत."

बाईंनी सुई परत ट्रेमध्ये ठेवली. बोलली ती सुभद्राबाई, अगदी हळू.

"डोया उघाडा. रगत निंघी राहिनं तुमना हातमातून."