टॉर्किलचा टोला

“बाबा, तुम्ही भट्टीवर पाऊल टाकायचं नाही. सांगून ठेवते!” मर्डिना दार अडवून उभी राहिली.

म्हाताऱ्या टॉर्किलने चर्चला जायचा काळा कोट चढवला होता. तो सावकाश बटणं लावत राहिला.

“बोलावलंय ना त्यांनी.”

“माकड नाचवायला बोलावलंय! परदेशी पाहुणे जमलेत. तुमच्या हातात हातोडा देतील, फोटो काढतील आणि खदाखदा हसतील. कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय, पोरी. गळ्याभोवती काहीतरी गुंडाळ, समुद्राचा वारा सुटलाय.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाला राग म्हणून देवाने दिलाच नव्हता. त्याच्या वाटणीचा सगळा बहुतेक तिच्याच पदरात टाकला होता.

कोरीब्रानच्या व्हिस्कीच्या भट्टीतलं तांब्याचं जुनं भांडं झिजून कागदासारखं झालं होतं. आंबवलेल्या जवाची वाफ पिढ्यानपिढ्या त्यातूनच चढत आली होती. आता नवं भांडं बसलं होतं. व्हिस्कीवाल्यांचा रिवाज असा, की नवं भांडं घडवताना तांबट जुन्यावरचा एकेक पोचा, एकेक ठिगळ जसंच्या तसं उतरवतात. जरा फरक पडला तर चव बदलेल, ही धास्ती. तांबटांनी सगळं उतरवलं. एक पोचा तेवढा कचेरीने आजच्या समारंभासाठी राखून ठेवला. टॉर्किलचा.

मर्डिना लहान होती तेव्हाची गोष्ट. नवीन वर्षाच्या सकाळी मोठे मालक भट्टीत आले, तर भांड्याच्या पोटाला हा खळगा आणि समोर हातोडा घेतलेला टॉर्किल. मोठे मालक महाकडक. भांड्याला जो हात लावील तो भट्टीतून कायमचा गेला, मग तो पोटचा पोरगा का असेना, असं ते म्हणत. टॉर्किल नशेत होता, असा बोभाटा झाला. नोकरी गेली, भट्टीने दिलेलं घर गेलं. पण त्याहून मोठं नुकसान झालं ते चर्चमध्ये. तिथे स्तोत्राची ओळ टॉर्किल धरायचा. त्याचा एकट्याचा गळा आधी वर चढायचा, मग सगळी सभा लाटेसारखी मागून यायची, आणि कठोरातल्या कठोर माणसाचेही डोळे आपोआप मिटायचे. दारुड्याच्या तोंडी देवाचं नाव नको, असं पंचांनी ठरवलं आणि त्याला मागच्या बाकावर बसवलं. तेव्हापासून तो ओठ मिटून बसायचा.

“टोला तुम्हीच मारलात का, बाबा?” मर्डिनाने किती वेळा तरी विचारलं होतं. “झालं ते झालं,” एवढंच उत्तर.

आणि नशिबाची थट्टा अशी, की त्या पोच्यानंतरची व्हिस्की मुरून पिंपांतून बाहेर आली ती जगात गाजली. मोठे मालक गेल्यावर त्यांचा मुलगा, कॉलिन गेडिस, याने तिचं नावच ‘टॉर्किलचा टोला’ ठेवलं. बाटलीवर लाल नाकाचा, झिंगलेला, हातोडा उगारलेला म्हातारा. बेटावर दुसरं काम नव्हतं. तो म्हातारा मर्डिना रोज आपल्या हाताने बाटल्यांवर चिकटवत होती.

गेल्या हिवाळ्यात गेडिसची आई वारली. माझ्या मातीला स्तोत्र टॉर्किलच धरेल, असं ती मागे सांगून गेली होती. तो गेला, गारठ्यात उघड्या डोक्याने गायला. घरी आल्यावर मर्डिना त्याच्यावर तुटून पडली. “त्या घराने आपलं वाटोळं केलं, आणि तुम्ही त्यांच्यासाठी गाता?”

“म्हातारीला एक शब्द दिला होता,” तो म्हणाला. “आज मोकळा झालो.”

एका स्तोत्रासाठी केवढं ते अवडंबर, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

भट्टीत पाहुणे पेले घेऊन गोल उभे होते. नवं भांडं नवरीसारखं झळकत होतं. जुने कामगार भिंतीला टेकून जमिनीकडे पाहत होते.

“आला बघा आमचा कलाकार!” गेडिसने हाक दिली. “काय रे म्हाताऱ्या, आज शुद्धीवर आहेस ना? की येतानाच दोन घोट मारलेस?”

हशा पिकला.

“मालक, पुरे!” मर्डिना पुढे झाली. “माझ्या बापाची अब्रू बाटलीत भरून विकलीत, पोट नाही भरलं?”

“तू लेबलं चिकटवायची सोडून इथे काय करतेस? उद्यापासून तीही चिकटवायची नसतील तर तसं सांग.”

“खुशाल घ्या तुमची लेबलं! त्यावर थुंकते मी!”

टॉर्किलने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “थांब, पोरी. माझं काम मला करू दे.”

ती थांबली, पण रागाने तिला रडू फुटलं. हा माणूस आता खरंच हातोडा उचलणार, सगळ्यांना हसवणार आणि थँक्यू म्हणून घरी येणार.

“नीट मार हं!” गेडिस पाहुण्यांकडे पाहून डोळा मिचकावत म्हणाला. “जसा होता अगदी तसाच हवा. तसूभर फरक पडला तर आमच्या व्हिस्कीची चव गेलीच म्हणून समज!”

टॉर्किलने हातोडा उचलला. तळहाताने तांबं चाचपलं. सगळ्यांचे फोन वर झाले. मर्डिनाने मान फिरवली.

टोला ऐकू आला नाही. तिने वळून पाहिलं. म्हाताऱ्याने हातोडा उलटा धरून त्याचा दांडा गेडिसच्या पुढ्यात केला होता, आणि गेडिसच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता.

“घ्या, मालक,” टॉर्किल म्हणाला. स्तोत्राची पहिली ओळ धरावी तसा त्याचा आवाज भट्टीभर घुमला. “तेव्हा ज्याने मारला, त्यानेच आज मारायचा. हात बदलला तर चव बदलेल.”