शाळिग्रामाची आंघोळ

माझ्या लेकीचं, रत्नाचं लग्न झालं त्या वर्षी ठकुआक्काच्या सासूबाईंनी नेपाळच्या यात्रेहून शाळिग्राम आणला. त्याची रोजची आंघोळ चुकली तर घर बुडेल, असं त्यांनी बजावलं आणि ते काम आक्काच्या गळ्यात पडलं. पुढं तीस वर्षं माझी ही थोरली बहीण कामथडीहून पानशेतला माहेरी मुक्कामाला आली नाही.

गेल्या भाऊबीजेला मी तिच्याकडे गेलो, तेव्हा कॉलेजात शिकणारी तिची नात प्रगती म्हणाली, "आजी, या दगडात समुद्रातल्या एका जिवाचा शंख आहे. तो जीव कोट्यवधी वर्षांपूर्वीच मेलाय."

"मेलाय व्हय? आन म्या त्याला रोज कोमट पाणी घालतीया!" आक्का हसली. मग सुनेला हळूच म्हणाली, "मंग जाऊ का गं चार दिस भावाकडं?"

"आन देवाचं कोण करणार, आत्या? असलं मोडायचं नसतं."

मी एकटाच एसटीत बसलो.

यंदा चैत्र सरताना सुनेने स्वतःच शाळिग्राम भाटघरच्या पाण्यात सोडला. म्हणाली, "रोजचं कुणाला जमतंय?"



ठकुआक्का त्याआधी चौदा दिवस, चैत्री पौर्णिमेला वारली.