सात ठिपके

"एक!" आमोद सरांनी मॉनिटरच्या काचेवर बोट टेकवलं. "आर स्क्वेअर बरोब्बर एक, म्हणजे एकही ठिपका सुटला नाही. तुझ्या रेघेला जमलं होतं का?"

नम्रतानं पाहिलं. ठिपके तिचेच होते. लहान मुलांच्या न्यूमोनियावरचं सिरप. शून्य, एक, दोन, तीन, सहा, नऊ, बारा असे महिने झाले, की प्रत्येक वेळी कपाटातली एक बाटली उघडायची आणि आत औषध किती टक्के उरलंय ते मोजायचं. वर्षभराचे सात ठिपके. काल तिनं एक्सेलमध्ये त्यांच्यामधून सरळ रेघ काढली होती. ती चौदाव्या महिन्यानंतर नव्वदच्या खाली जात होती, आणि नव्वदच्या खाली औषध बाद. लॅबला हे काम देणाऱ्या सिरपवाल्या कंपनीला लेबलवर चोवीस महिन्यांची मुदत हवी होती.

ती रेघ सरांनी आज सकाळी पुसली होती. तिच्या जागी एक वळवळणारा वक्र होता, प्रत्येक ठिपक्यातून नेमका जाणारा.

"सर, ठिपके सात आणि तुम्ही समीकरणाचा घात घेतलाय सहा. मग वक्र सगळ्यांतून जाणारच, एकच येणार. तुमच्या फोन नंबरातले कुठलेही सात आकडे टाका. त्यांचाही एकच येईल."

"तुमच्या विदर्भात रेघा सरळच काढतात वाटतं."

नम्रतानं माउस ओढून घेतला, वक्रावर उजवं बटण दाबलं, 'पुढे किती' या चौकटीत बारा टाकले.

सातही ठिपके एकदम तळाला जाऊन चिकटले. वक्र त्यांच्यावरून उठला आणि छताकडे सुटला. चोविसाव्या महिन्याला तो साडेतेरा हजारांच्या घरात होता.

"टक्के," नम्रता म्हणाली. "बाटली बंद, बूच सीलबंद, आणि आत औषध तयार होतंय. तेराव्या महिन्यातच एकशे सात टक्के."

सर पुढे वाकले. मग त्यांनी माउस परत घेतला, बाराचा शून्य केला. वक्र पुन्हा सभ्य झाला.

"पुढचं कुणी विचारलंय का आपल्याला?"

"लेबल पुढचंच लावताय ना?"

"हे बघ." सर खुर्चीत मागे रेलले. "दोन वर्षं कोण ठेवतं गं घरात सिरप? पोर आजारी पडलं, बाटली आणली, आठवड्यात संपली. उगाच काय!"

नम्रता त्यांच्याकडे वळली.

"आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात बाटल्या येतातच मुदत संपायला दोन महिने उरले की. माझी आई तिथं नर्स आहे. ती लेबल बघते, चमच्यानं मोजून पाजते. पोर सुधारलं नाही तर लोक कंपनीला नाही विचारत, सर. तिला विचारतात."

"झालं भाषण?" सरांनी टेबलावरचा रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला. प्रिंट तयारच होती. मुदत : २४ महिने. त्याखाली 'विश्लेषक' आणि तिचं पूर्ण नाव. "कर सही. आणि आपल्याला इथं फारच घुसमटत असेल, तर हिंजवडीच्या आयटी कंपन्यांच्या बस चौकातूनच सुटतात. तिथं सगळं खरंच असतं म्हणे."

लॅबमध्ये चूक दुरुस्त करायची रीत ठरलेली होती. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, आकडा खालून वाचता आला पाहिजे. वर खरा आकडा, शेजारी सही आणि तारीख. पहिल्या दिवशी सरांनीच ती तिला शिकवली होती.

नम्रतानं पेन काढलं. चोवीसवर रेघ मारली. इतकी दाबून, की ती खालच्या पानावरही उमटली. वर चौदा लिहिलं. सही केली, तारीख घातली, आणि कागद उलटा फिरवून सरांपुढे ठेवला.

"आता हे पुन्हा प्रिंट करायला लागणार," सर म्हणाले.

"करा. पण माझं नाव काढा. तुमचं घाला."

सरांनी कागद स्वतःकडे ओढला. पेन त्यांच्या खिशात होतं, पण तिकडे हात गेला नाही. मग मान उंचावून त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं आणि मऊ आवाजात हाक मारली.

"ऋचा, जरा इकडे ये गं. एक सही हवीय."

ऋचाला नोकरीला लागून आज चौथा दिवस होता. ती पेनाचं टोपण काढतच उठली.