दाराबाहेरचे कान

मावशींनी आतून कडी घातली, गुडघे टेकले आणि सवयीनं तोंड उघडलं. मग डॉक्टरांची ताकीद आठवली आणि त्यांनी ते पुन्हा मिटलं. घशातली गाठ काढल्यावर बोलायला सक्त बंदी होती. कुजबुजायचंसुद्धा नाही. गळ्यात दोरीनं अडकवलेली पाटी आणि खडूचा तुकडा, एवढीच आता त्यांची वाचा. इस्पितळातून घरी आल्यावरची ही पहिलीच सकाळ.

चर्चच्या मंडळीत सगळे त्यांना प्रार्थनामावशी म्हणत. कुणाच्या घरी दुखणं आलं की पाळकांच्या आधी त्यांना बोलावणं जायचं. पण त्यांची रोजची प्रार्थना म्हणजे सकाळची, याच खोलीत, दार लावून आणि खणखणीत आवाजात. "प्रभू, उन्हं वर आली तरी काही जणांना जाग येत नाही, त्यांच्यावर दया कर," असं आतून आलं की मुलगा मुकाट्यानं अंथरूण गुंडाळायचा. मग मोठ्यानं आमेन व्हायचं आणि बाहेर सून चहाचं आधण ठेवायची.

आज मनातल्या मनात म्हणू, असं ठरवून मावशींनी डोळे मिटले. प्रभू, माझ्या सुनेला...

इथंच गाडी अडली. मनातल्या मनात म्हटलेलं सुनेला ऐकू कसं जाणार? ते सोडून त्या पुढं गेल्या. प्रभू, यांची तंबाखू... तेही तसंच. एकेक वाक्य दारापर्यंत जायचं आणि कपाळ आपटून माघारी यायचं.

बाहेर भांडी वाजत होती.

"बाबा, आज चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय ना?" सून म्हणाली. "माझं कुठं काय चुकलं, ते सांगायलाच कुणी नाही."

"माझी पुडी आण बघू त्या फळीवरची," मावशींचे यजमान म्हणाले. "आज देवाला कळायचं नाही."

दोघं हसली. मावशींनी डोळे आणखी घट्ट मिटले. कान मात्र मिटता येईनात. दूध तापून खाली उतरलेलं त्यांना कळलं. पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज काही आला नाही. त्यांनी थोडी वाट पाहिली. तरी नाहीच. हात आपसूक पाटीवर गेला. "प्रभू, दूध झाकून ठेवायची बुद्धी दे." लिहून झालं, दोरी गळ्यातून निघाली आणि पाटी दाराखालच्या फटीतून सरकली. आपण काय केलं ते त्यांना कळलं, तोवर पाटी पलीकडं गेली होती.

"अगंबाई! बाबा, हे बघा काय आलंय." सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

यजमान खो-खो हसत सुटले. "पत्ता चुकला गं! हे वर जायचं होतं."

"दाराखालून आलं."

"झाक बाई ते दूध. आणि पाटी राहू दे इकडंच. नाहीतर माझ्या पुडीबद्दल येईल काहीतरी."

मावशींचे कान तापले. त्या उठल्या. हात कडीवर ठेवला आणि तिथंच थबकल्या. आता बाहेर जावं, तर दोघांच्या नजरेला नजर द्यायची कशी? आणि आत राहावं, तर करायचं काय? खोली ती केवढी! एका बाजूला गाद्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला शिवणाचं मशीन, खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत. गुडघे टेकायला जेमतेम जागा. त्या पुन्हा तिथंच बसल्या.

पाठ असलेल्या प्रार्थना म्हणून पाहिल्या. आवाजाशिवाय त्या उघड्या नळासारख्या वाहून गेल्या, हाताला काही लागलं नाही. रविवारी सगळ्यांना रडवणारी वाक्यं आठवून पाहिली. ती तर इथं एकट्यानं म्हणायची लाजच वाटली.

मग इस्पितळातलं आठवलं. "आवाज परत येईल ना?" असं त्यांनी पाटीवर लिहून डॉक्टरांपुढं धरलं होतं. डॉक्टरांनी वाचलं, पाटी हळूच त्यांच्याकडं वळवली आणि म्हणाले, "बघू या." संध्याकाळी मंडळीतल्या बायका भेटायला आल्या, तेव्हा मावशींनी त्याच पाटीवर मोठ्या अक्षरात "प्रभू समर्थ आहे" असं लिहून एकेकीला दाखवलं होतं.

आणि नाही आला तर?

मावशी दचकल्या. हे कुणाला म्हटलं आपण? सुनेला नव्हे. यजमानांना नव्हे. त्या बायकांना तर हे मेलं तरी सांगता आलं नसतं. डोळे उघडून त्यांनी खोलीभर पाहिलं. गाद्या, मशीन, भिंत.

भीती वाटते मला. आवाज गेला तर मी कोण उरते? ऐकतोस का? आवाज नसलेल्या माणसाचं ऐकतोस का तू?

उठून जावंसं फार वाटलं. पण त्या जमिनीला कपाळ टेकून तशाच पडून राहिल्या, पुन्हा पुन्हा तेवढंच विचारत.

बराच वेळ गेला. दारावर टकटक झाली.

"आई, झालं का? चहा टाकू?"

सुनेनं दाराला कान लावला.

"बाबा, आत काहीच चाहूल नाही हो."

"डोळा लागला असेल," यजमान म्हणाले. "नको उठवू. आज काही प्रार्थना होत नाही तिची."