हिरव्या पट्ट्या

शालेय कबड्डीच्या सामन्यात पकड करताना रेवतीचं डोकं जमिनीवर आपटलं. प्रत्येकीच्या कपाळावरची पट्टी डोक्याला बसलेला धक्का मोजून नोंदवून ठेवी; मेंदूला मार बसण्याइतका धक्का असला की ती लाल होई आणि खेळाडूला बाहेर बसावं लागे. रेवतीची पट्टी हिरवीच राहिली. ती स्वतःच्याच संघातल्या मुलीला पकडायला धावली, तरी प्रशिक्षक मगदूम सरांनी तिला चढाईला पाठवलं.

तिची आई शैला थेट मैदानात शिरली. तिने पट्टी काढून मागचं बटण पाहिलं.

“सर, ही मोठ्या माणसांच्या मापावर कुणी ठेवली?”

“मीच. लहानांच्या मापावर मुली सारख्या बाहेर जायच्या, ताई. संघच उरत नव्हता.”

“म्हणजे मार बसतच होता.”

शैलाने उरलेल्या सहाजणींच्या पट्ट्यांची बटणं लहानांच्या मापावर फिरवली. चार पट्ट्या तिथल्या तिथे लाल झाल्या.