पर्याय सांगा ना

"पर्याय सांगा ना, मॅडम."

सकाळपासून हे एकच वाक्य ऐकून परीक्षक मॅडमचे कान किटले होते. नर्सिंगची तोंडी परीक्षा. टेबलावर रबरी बाळ, समोर विद्यार्थिनी.

"पर्याय नाहीत गं. बाळ आत्ता जन्मलंय, निळं पडलंय, श्वास घेत नाहीये. पहिलं काय करशील?"

"पण ॲपमध्ये चार असतात. सगळ्यात लांब असतं ना, ते बहुतेक बरोबर निघतं." तिने बाळाला तंगडीला धरून बाजूला सारलं आणि त्या जागी मोबाइल ठेवला. "बघा, कॉलेजात माझा पहिला नंबर आहे."

पडद्यावर हिरव्या खुणांची रांग होती आणि टाळ्या वाजवणारं एक अस्वल. मॅडमना नासक्या दुधाचा भपकारा आल्यासारखं झालं.

"जा."

"गेलं आणखी एक अस्वल," शेजारच्या मेट्रनबाई पुटपुटल्या. "उद्यापासून तान्ह्यांच्या वॉर्डात मला एक मुलगी हवीय हो. एकच! तिथली बाळं काय पाळण्यातून पर्याय देणार आहेत?"

मॅडमना हसू आलं नाही. त्यांचं स्वतःचं लेकरू आत्ता घरी आत्याच्या मांडीवर झोपलं असेल, मूठ गालाशी घेऊन. असल्या हातांत कुणाचंही बाळ द्यायचं या विचारानेच त्यांना शिसारी आली.

शेवटची मुलगी आली. केस मोकळे, कान झाकून खांद्यापर्यंत आलेले.

"वॉर्डात ते बांधावे लागतील, बरं का," मेट्रनबाई म्हणाल्या.

"हो, उद्यापासून."

मॅडमनी तोच प्रश्न टाकला. मुलीने तो स्वच्छ आवाजात पुन्हा म्हटला. क्षणभर थांबली. मग हात मांडीवर ठेवूनच बोलू लागली.

"बाळाला कोरडं करून ऊब द्यायची. मान किंचित मागे. आधी तोंड साफ, मग नाक. पाठ चोळायची. तरी श्वास नाही आला, तर वेळ न घालवता मास्क लावून पिशवीने श्वास द्यायचा."

पर्याय नाही, अडखळणं नाही. मॅडमनी आणखी दोन प्रश्न विचारले. मुलगी दोन्ही वेळा प्रश्न म्हणे, थांबे आणि नेमकं उत्तर देई. विचार करून बोलणारं माणूस किती दिवसांनी भेटलं! मॅडमनी पेन उचललं. त्यांनी पैकीच्या पैकी गुण लिहून सही ठोकली.

मेट्रनबाईंनी तर वॉर्डात फोनच लावला. "मिळाली गं एकदाची! रात्रपाळीला एकटीला ठेवलं तरी चालेल अशी आहे."

मॅडम मायेने पुढे झुकल्या. "किती समजून बोलतेस गं. घरी कुणी तान्हं आहे का तुझ्या?"

"घरी कुणी तान्हं आहे का तुझ्या," मुलीने स्वच्छ आवाजात म्हटलं. क्षणभर थांबली. केसांआड, कानात, एक बारीक निळा दिवा लुकलुकला. मग म्हणाली, "क्षमस्व. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. कृपया दुसरा प्रश्न निवडा."