डिस्कला तेलाचा हात

मुलुंडच्या नंदकुमारांना गाडीच्या चाकांवर बसणारी काळी पूड अजिबात खपत नसे. ब्रेक लावला की पॅड झिजणार आणि त्याची पूड उडणारच, हे गॅरेजवाल्या देवेशने त्यांना शंभरदा सांगून झालं होतं. शेवटी दसऱ्याच्या तोंडावर त्यांनी कमी पूड सोडणारे महागडे पॅड आणि चारही डिस्क नव्या बसवून घेतल्या.

दसऱ्याला देवेश सोनं द्यायला घरी आला. "काय काका, पूड कमी झाली ना?"

"एक कण नाही! डिस्क तर आरशासारख्या चमकतायत. सकाळी पूजेआधी चारही डिस्कना खोबरेल तेलाचा हात दिला. गंज नको धरायला."

देवेशच्या हातातला पेढा तोंडाशीच थांबला. "काका, पॅड त्या डिस्कलाच पकडून गाडी थांबवतात. तेलावर पकडणार काय, डोंबल? गाडी कुठंय?"

"जान्हवी आत्ताच खाली गेली रे, गाडी घेऊन निघाली असेल."

सोसायटीच्या गेटापासून थेट हायवेपर्यंत उतार होता. देवेश चपला न घालताच जिन्याकडे धावला. नंदकुमारांनी लेकीला फोन लावला.

रिंग देवघरातून ऐकू आली. पाटावर, झेंडूच्या फुलांखाली जान्हवीचा फोन वाजत होता. देवघरात पूजेला मांडलेल्या वस्तूला संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही, असं सकाळी त्यांनीच तिला बजावलं होतं.